लाकडी बाळ आणि माझी शाल

१

माझी धाकटी सून भांडत नाही, ही माझी तक्रार आहे.

लोक हसतात. थोरली सून तर तोंडावर म्हणाली, "आई, माझ्या वेळी तुमची तक्रार नेमकी उलटी होती." होती. थोरलीशी माझी रोज जुंपते, म्हणून तर आमचं पटतं. तिच्या पोटातलं ओठांवर यायला वेळ लागत नाही. ही धाकटी मात्र सगळ्याला "हो आई". भाजी खारट झाली म्हटलं, "हो आई." नाही गं, बरी आहे म्हटलं, तरी "हो आई." भिंतीवर चेंडू मारावा आणि तो भिंतीनं गिळून टाकावा, तसं वाटतं.

असतो एखादीचा स्वभाव, म्हणून मी सोडून दिलं होतं. पण त्या दुपारी चारचौघांत, माझ्या देखत तिच्यावर चोरीचा आळ आला आणि तेव्हाही ती भांडली नाही. मग मात्र माझं डोकं फिरलं.

धाकट्यानं लग्न परस्पर उरकलं आणि लांबच्या गावी बिऱ्हाड केलं. बोलावून बोलावून थकला, तेव्हा मी यंदा पहिल्यांदा गेले. गाव म्हणजे जुनंपुराणं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या खिडकीतल्या बाईला हात लांबवून मीठ द्यावं. दगडी फरशा मधोमध झिजून खोलगट झालेल्या. घरांचे लाकडी वरचे मजले रस्त्यावर असे झुकलेले, की एक घर दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगतंय. दर वळणावर एक चर्च, आणि दोन चर्चच्या मधे एक म्युझियम. तिथे जिवंत माणसं दोन खोल्यांत दाटीवाटीनं राहतात आणि मेलेल्यांच्या खुर्च्यांना अख्खी घरं दिलेली.

सून तिथल्या थोरल्या चर्चमध्ये नोकरीला. अर्ध्या भागात प्रार्थना चालते, बाजूच्या दालनात म्युझियम आहे. जुन्या लाकडी मूर्तींची तुटकी बोटं, उडालेले रंग ती नीट करते. सकाळी मी ते सगळं बघून आले होते, आणि माझी शाल तिथल्या बाकावर विसरले होते. जेवून शाल आणायला परत गेले, तर दालनात माणसं गोळा झालेली.

मधोमध काचेची पेटी असते. तिच्यात येशूचं बाळरूप, लाकडात कोरलेलं, कोपरापासून मनगटापर्यंत मावेल एवढं. सकाळी मी बघितलं तेव्हा गुलाबी गालांनी पडून होतं. आता पेटी रिकामी.

म्युझियमच्या मॅडम उभ्या होत्या. वयानं माझ्या थोरल्याएवढ्या, चष्मा साखळीला लावलेला. बाई वाईट नव्हती, घाबरलेली होती.

"कुलूप फोडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "किल्ल्या दोनच. एक माझ्या पर्समध्ये, मी घरी जेवायला गेले होते. दुसरी तुमच्याकडे."

"हो मॅडम," माझी सून म्हणाली.

"तुम्ही पेटी उघडलीत?"

"नाही मॅडम."

"मग किल्ली दुसऱ्या कुणाला दिलीत?"

सून गप्प. मान खाली. मी मनातल्या मनात तिला चिमटा काढला: अगं बोल, ओरड, रड, काहीतरी कर!

"उद्या संध्याकाळपर्यंत बाळ जागेवर आलं नाही, तर मला पोलिसांना सांगावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "तोवर कामावर या. पण त्यानंतरचं मी सांगू शकत नाही. कळतंय ना तुम्हाला?"

आणि माझी सून म्हणाली, "हो मॅडम."

मी तिथेच चार शब्द सुनावणार होते. पण तेवढ्यात माझं लक्ष बाकाकडे गेलं. बाक रिकामा होता. माझी शालही नव्हती.

२

आता सकाळचं सांगते, कारण सगळं सकाळीच माझ्या डोळ्यांसमोर होतं.

धाकट्यानं मला एका गाईडच्या हवाली केलं होतं. पोरगेलासा बाप्या, गळ्यात शिट्टी, तोंडाला विश्रांती नाही. पहिल्याच दमात मला "आजी" म्हणाला.

"तुझी आजी घरी असेल. मी मावशी."

"चालेल मावशी! आता हे बघा, हे जुनं औषधांचं दुकान..."

त्यानं मला औषधाच्या बरण्या दाखवल्या, शिंप्याचं घर दाखवलं, बुरूज दाखवला. बारीक पाऊस पडत होता, आदल्या दिवसापासूनच. हवा अशी ओली की मुलाच्या घरातले खण फुगून बसले होते आणि माझे गुडघे त्यांच्या जोडीला. चर्चच्या मागच्या गल्लीत मी जरा भिंतीला टेकले. तिथे ओळीनं मांजरं बसलेली, पावसातसुद्धा गाढ झोपेत. भिंत कोमट होती. पलीकडे पावाची भट्टी आहे, गाईड म्हणाला. मी म्हटलं, मांजरांना या गावातलं सगळ्यात चांगलं घर मिळालंय.

मग आत गेलो. गाईडनं आवाज खाली आणला. ही त्याची शेवटची जागा, इथेच लोक खूश होऊन त्याच्या हातावर चार पैसे ठेवतात.

"मावशी, या दालनातल्या सगळ्या मूर्ती एकाच वेळच्या, एकाच कारागिराच्या. पण बघा, प्रत्येकीचे रंग पोपडे धरून उडालेत. या बाळाचे मात्र जसेच्या तसे. का? कुणाला माहीत नाही. लोक चमत्कार म्हणतात. फक्त पाठ तेवढी काळपट आहे, ती आपल्याला दिसत नाही."

"पाठ काळी कशानं?"

"मेणबत्त्यांची काजळी असणार."

मी पुढे काही विचारलं नाही, गुडघे बोलत होते. बाकावर बसले. शेजारी एक म्हातारा होता, कोटाच्या बाहीवर पावाचे कण. त्याला सगळे किल्लीमामा म्हणतात. जन्मभर या चर्चची दारं उघडली आणि लावली, आता थकला. किल्ल्या काढून घेतल्या, तरी रोज येऊन बसतो आणि रुमालानं बाकाच्या पितळी मुठी घासतो. विसरायला लागलाय, हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळलं. माझ्या वडिलांचे डोळे शेवटी तसेच झाले होते, समोरच्या माणसाचा पत्ता शोधणारे.

"ताई, ओल आली," तो मला म्हणाला.

"आली खरी, मामा."

"यंदा लवकर आली." आणि पेटीकडे बघत राहिला, लेकरू बाहेर खेळायला गेलं की आई दाराकडे बघते तसा.

मी शाल काढून बाकावर ठेवली, उठताना विसरले. जेवायच्या सुट्टीत मोठं दार बंद होतं. आत उरली चौघं: आपल्या कामाच्या खोलीत सून, बुरुजाच्या जिन्यात डबा खाणारा गाईड, एका चौकटीची दुरुस्ती विचारायला आलेला समोरचा जुन्या वस्तूंचा दुकानदार, आणि बाकावर किल्लीमामा.

दुपारी घरी जायच्या आधी मी त्या रिकाम्या पेटीला नाक लावलं. घरी साखरेच्या डब्याला कुणाचा हात लागला ते मी झाकण बघून ओळखते. पेटीचं कुलूप उघडलं होतं आणि पुन्हा लावलं होतं. आतली मखमली गादी होती, पण उलटी करून ठेवलेली. मखमल खाली, अस्तर वर.

मला न्यायला आलेल्या धाकट्याला मी ते दाखवलं. "असेल काहीतरी," तो म्हणाला. माझ्याच पोटचा, पण डोळे बापाचे.

३

रात्रीचं जेवण झालं, पण कुणी जेवलं नाही. सून उशिरा आली होती. केस ओले, बुटांतून पाणी.

"कुठे होतीस?"

"जरा फिरून आले, आई."

"या पावसात?"

"हो आई."

मी धाकट्याला बाहेर पिटाळलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटलं. ती भांडी घासत होती. एकच पातेलं, पुन्हा पुन्हा.

"बाळ तू घेतलं नाहीस."

"नाही आई."

"मी विचारलं नाही, सांगितलं. कुणी घेतलं?"

पातेलं थांबलं. नळ चालूच होता.

"तुला माहीत आहे," मी म्हटलं. "माहीत नसतं तर मॅडमसमोर 'मी किल्ली कुणाला दिली नाही' एवढं तरी म्हणाली असतीस. खोटं बोलायला जीभ वळली नाही आणि खरं बोलायचं नाही, म्हणून गप्प बसलीस. आणि पावसात फिरायला नव्हे, शोधायला गेली होतीस."

तिनं माझ्याकडे बघितलं. क्षणभर वाटलं, आता बोलेल. मग पुन्हा ते पातेलं हातात घेतलं.

"आई, जाऊ दे ना. दुसरीकडे कुठेतरी मिळेल मला काम."

दुसरीकडे कुठे? अख्ख्या गावात हे एकच चर्च तुटक्या मूर्ती सांभाळतं. तिच्या खोलीच्या भिंतीवर लाकडी हात टांगलेत, लहानमोठे, दुरुस्तीला आलेले. सकाळी मला दाखवताना प्रत्येकाला तिनं बोट लावलं होतं, जसं कुणी आपली नातवंडं दाखवावीत. ती मुलगी ते सगळं सोडायला तयार होती. कुणासाठी?

मी पलंगावर पडले आणि शालीचा विचार करत राहिले. बाळ नेणाऱ्यानं माझी शालही नेली, हे मला स्पष्ट होतं; दोन चोर एकाच दुपारी एकाच दालनात येत नाहीत. पण माझ्या शालीला कोपऱ्यात बोट जाईल एवढं भोक आहे. लाखमोलाच्या वस्तूसोबत कुणी भोकाची शाल कशाला चोरेल?

४

सकाळी मी पहिलं धरलं ते गाईडला.

"शाल कुठे आहे माझी?"

"मावशी, शपथ! मला कशाला हवी, तिला भोक आहे."

"तू तर भोकही मोजून बसलास!"

तो ओशाळला. पण खरं सांगायचं तर मला त्याचा संशय कधीच आला नव्हता. त्याची सगळी फेरी त्या बाळावर येऊन संपते. बाळ गेलं तर त्याच्या हातावर कोण काय ठेवणार? काल संध्याकाळी लोक शिंप्याच्या घरापाशीच पांगले होते बिचाऱ्याचे.

"जेवणाच्या सुट्टीत कुणाला बघितलंस?"

"दुकानदाराला. काखेत पुडकं होतं, कागदात बांधलेलं. आणि किल्लीमामा. मी जिन्यात शिट्टी मारत होतो, तर मामा खालून जाताना वळले आणि ओठांवर बोट ठेवलं. मला गप्प करायला."

"हातात काय होतं त्यांच्या?"

"पाठमोरे होते ना. नुसतं तोंड वळवलं. मामांचं काय मनावर घ्यायचं, मावशी."

मी मनावर घेतलं आणि पुढे गेले.

दुकानदार जाडसर, मिशीवाला, दुकानात पाय ठेवायला जागा नाही एवढ्या जुन्या घड्याळांत आणि आरशांत बसलेला. मी बाळाचं आणि शालीचं सरळ विचारलं. तोही सरळ हसला आणि पुडकं काढून दाखवलं. रिकामी चौकट, कोपरा निखळलेला.

"बाई, ते बाळ विकायचं कुणाला? गावातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखतं त्याला. आणि नेलंच असतं, तर मऊ कागदात गुंडाळून खोक्यात भुसा भरून नेलं असतं. लोकरीच्या शालीत? लोकरीची कुसं जुन्या रंगाला अडकतात. माझ्या धंद्यातला माणूस शालीत काय गुंडाळेल?"

"मग शालीत काय गुंडाळतात?"

"मला काय विचारता? मूल गुंडाळतात," तो म्हणाला आणि घड्याळाला किल्ली द्यायला वळला.

मी त्याच्या दारात थोडा वेळ तशीच उभी राहिले. पाऊस पडत होता. समोर चर्चचं मोठं दार ओलीनं फुगलेलं, दोन माणसं खांदा लावून उघडत होती.

आत किल्लीमामा आपल्या बाकावर होते. मी शेजारी बसले. घाई केली नाही. माझ्या वडिलांना शेवटी काही विचारायचं असलं की आधी त्यांच्याबरोबर नुसतं बसावं लागायचं.

"मामा, माझी शाल होती इथे."

"तुमची होती होय, ताई?" चेहरा उजळला. "चांगली आहे. जड आहे. पाऊस लागला असता त्याला."

माझ्या डोक्यात लख्ख झालं. "कुणाला, मामा?"

"झोपलंय आता. ऊब आहे." आणि मग त्यांची नजर माझ्यावरून घसरली, पेटीवर गेली, तिथे काही सापडलं नाही म्हणून परत आली. "आज वार कुठला, ताई?"

मी वार सांगितला. ते रुमालानं पितळी मूठ घासायला लागले, पण हात काहीतरी हुडकत होते, मूठ त्यांना पुरत नव्हती. तेवढ्यात माझी सून आतून आली. बाकाच्या माझ्या टोकाला खांब आड येत होता, तिला मी दिसले नाही. तिनं इकडेतिकडे बघितलं, खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, पेटीची किल्ली त्यातून सोडवून घेतली, आणि उरलेला जुडगा मामांच्या हातात ठेवला. म्हाताऱ्याचे हात लगेच शांत झाले, रडणारं मूल कडेवर घेतल्यावर होतं तसे.

मग तिनं मला पाहिलं.

५

मी तिला तिच्या कामाच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. भिंतीवरचे सगळे लाकडी हात आमच्याकडे बघत होते.

"रोज देतेस किल्ल्या?"

तिनं टेबलावरचे ब्रश ओळीनं लावले.

"काल पेटीची किल्लीही त्यात होती. काढायला विसरलीस."

तिनं एक ब्रश पुन्हा सरळ केला.

"बरं. मी मॅडमकडे जाते आणि सांगते, की त्या म्हाताऱ्याला उद्यापासून दारातच अडवा."

"खबरदार!"

इतक्या जोरात ओरडली की मीच दचकले. तीही दचकली. पण आता बांध फुटला होता.

"तुम्हाला काय कळतंय, आई? आलात चार दिवसांसाठी आणि सगळ्यांची उलटतपासणी घेत फिरताय! मामांना घरी स्वतःचा पलंग ओळखू येत नाही. जेवले की नाही तेही कळत नाही. पण इथे आले की पायरी न पायरी पाठ आहे त्यांना. कुठली खिडकी अडकते, कुठली फरशी हलते. आणि दुपार झाली की हात बेचैन होतात, दार लावायची वेळ झाली ना! तेवढा वेळ किल्ल्या धरू दिल्या तर कुणाचं काय गेलं? मॅडमना समजलं तर त्यांना इथे पाऊल टाकू देणार नाहीत. मागच्या महिन्यात मामांनी सुट्टीत बंद दाराची आतली कडी काढली, तेव्हाच मॅडमनी शेवटचं बजावलंय. त्यांचा पुतण्या तर टपूनच बसलाय, कुठेतरी लांबच्या आश्रमात नेऊन टाकायला. तिथे मरतील ते, आई! मला दुसरं काम मिळेल. त्यांना दुसरं चर्च कुठून आणायचं?"

धापा टाकत थांबली. डोळ्यांत पाणी, गाल लाल.

मी खुर्चीवर बसले. इतकं बरं मला त्या गावात आल्यापासून वाटलं नव्हतं.

"चढतो की तुझाही आवाज," मी म्हटलं. "ये, बस. आता दोघी मिळून शोधू."

"मी शोधलं, आई. काल त्यांची खोली बघितली, पलंगाखाली बघितलं, बुरूज बघितला, एकेक बाक. त्यांना विचारलं की म्हणतात, ऊब आहे. पुढे काही नाही."

"मला जे दिसलं ते मी सांगते, तू तुझं सांग. नेणाऱ्यानं पेटी पुन्हा लावली. गादी उलटी ठेवली, मखमलीवर धूळ बसू नये म्हणून. माणूस घर बंद करून गावाला जातो तेव्हा गाद्या अशाच उलटतो, कारण त्याला परत यायचं असतं. मग त्यानं शाल घेतली, पाऊस लागू नये म्हणून. शिट्टी मारणाऱ्याला गप्प केलं, झोपमोड होऊ नये म्हणून. सूनबाई, हे बाळ कुणी चोरलं नाही. कडेवर घेऊन नेलं."

"पण कुठे?"

"ते तू सांगायचंस. लाकूड तुझं. पाठ काळी कशानं आहे?"

"मेणबत्त्यांच्या काजळीनं, असं लिहून ठेवलंय पूर्वीच्या लोकांनी." ती थांबली. कपाळावर आठी आली. "पण मेणबत्त्या तर पुढून लावतात. तोंड काळं व्हायला हवं होतं." ती उठून फेऱ्या घालायला लागली, हातवारे करत, मी तिथे आहे हे विसरून. "पाठीनं कशाला तरी टेकून राहिलं असणार. धुराच्या जवळ. एकदा नाही, वर्षानुवर्षं. आणि रंग... आई, लाकडाचा रंग ओलीनं उडतो. लाकूड फुगतं, सुकतं, फुगतं, वर पोपडे येतात. बाकीच्या सगळ्या मूर्तींचं तेच झालं. याचंच नाही झालं. म्हणजे ओल आली की कुणीतरी याला एकट्याला कोरड्या जागी नेत होतं. काचेची पेटी आली नव्हती तेव्हा. लहान आहे ना, उचलता येतं!"

"ओल आली, असंच म्हणाले मला मामा. यंदा लवकर आली."

"कोरडं. काजळीचं. ऊब असलेलं. आणि म्हातारा माणूस चालत जाईल एवढं जवळ."

मला एकदम ती मांजरं आठवली, पावसात ओळीनं झोपलेली.

"अगं," मी म्हटलं, "भिंत!"

तिनं माझा हात धरला आणि धावत सुटली. माझ्या गुडघ्यांची चौकशीसुद्धा केली नाही. आवडलं मला ते.

६

बाजूच्या लहान दाराची किल्ली मामांच्या हातातल्या जुडग्यात होती. सून त्यांच्यापुढे वाकली. "मामा, बाळाला बघून येऊ या?"

"उठवायचं नाही हं," ते म्हणाले आणि पुढे निघाले. एरवी स्वतःचा पलंगही न ओळखणारा माणूस. आता मागची गल्ली, दोन पायऱ्या, डावीकडे, एकदाही न थबकता. मॅडमनी आम्हाला जाताना बघितलं आणि त्याही मागून आल्या, छत्री न घेता.

भट्टीवाला पिठानं पांढरा झालेला. "या मामा," म्हणाला, मग मागची वरात बघून गडबडला. "काय झालं? मामा रोज येतात, पाव खातात, त्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसतात. मी हे दुकान घेतलं तेव्हापासून."

कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांची चळत होती. मामांनी ती अलगद बाजूला सारली. मागे भिंतीत काळी पडलेली लाकडी फळी होती, दार म्हणून ओळखूही येणार नाही अशी. तिला बोटानं एका कोपऱ्यात दाबलं. ती उघडली.

आत कोनाडा. कोनाड्यात माझी शाल. भोकातून एक गुलाबी गाल दिसत होता.

मामांनी शालीवरून हात फिरवला. "आईनं शिकवलं," ते म्हणाले. "तिला तिच्या बापानं. ओल आली की आणायचं. आकाश कोरडं झालं की परत न्यायचं. बाकीचे मोठे आहेत, सोसतील. हे लहान आहे."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि तो पुन्हा ओला झाला. पण बाई आपल्या जागेला पक्की होती. बाळ नीट आहे ना, हे आधी सुनेकडून तपासून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही किल्ली दिलीत. नियम मोडलात. पुन्हा ओल आली की मामा पुन्हा नेणार. मी काय करायचं सांगा?"

मी तोंड उघडणार होते. पण सुनेनं मला हातानं थांबवलं. मला!

"मी सांगते मॅडम. चूक माझी आहे, पगार कापा, लेखी ताकीद द्या. पण मामांना अडवलंत तर मी इथे काम करणार नाही. पेटीची किल्ली तुमच्याकडेच ठेवा, मला हवी तेव्हा मागून घेईन. आणि मी दुसरं बाळ कोरते. याच मापाचं, याच वजनाचं. ओलीच्या दिवसांत तुम्ही पेटीवर कापड टाका, आणि कोरलेलं बाळ मामांच्या बाकावर ठेवा. ते त्याला इथे आणतील, हवा कोरडी झाली की परत नेतील. कुणाचंच काही हरवणार नाही."

"त्यांना फरक कळला तर?"

"कळला तर कळला," सून म्हणाली. "लहान तर तेही असेल."

मॅडमनी वाकून कोनाड्याच्या कोमट भिंतीला हात लावून बघितला. भट्टीवाला म्हणाला, फळी तो सारखी करून घेईल, पोती दुसरीकडे ठेवेल. शेवटी मॅडमनी मान हलवली. "लेखी ताकीद मात्र मिळेल," म्हणाल्या. "आणि लाकूड चांगलं घ्या. मी मंजूर करते."

बाळ मऊ कापडातून पेटीत परत गेलं. मी शाल घ्यायला हात पुढे केला, तर मामा ती घडी करून कोनाड्यात ठेवत होते, पुढच्या वेळेसाठी. मी हात मागे घेतला.

घरी जाताना पाऊस थांबला होता. गल्लीत मांजरं जागेवर होती. सून माझ्याशेजारी चालत होती, पुन्हा मान खाली घालून.

"आई, मघाशी मी तुम्हाला खबरदार म्हटलं. ओरडले. चुकलंच माझं."

"चुकलं?"

"हो आई."

झालं, पुन्हा तेच! मी भर रस्त्यात थांबले, तिला माझ्याकडे वळवलं आणि सांगितलं:

"ऐक. चोरी तू केली नाहीस, पण गुन्हा तुझाच. म्हाताऱ्याला वाचवायला निघालीस आणि तोंडाला कुलूप लावून बसलीस. तू बोललीस तेव्हा बाळ सापडलं, त्याच्या आधी नाही. त्या माणसासाठी नोकरीवर पाणी सोडायला निघालीस, हे काळीज माझ्या घरात आलंय, ते मी कुणाला परत देणार नाही. पण आता शिक्षा ऐक. मी आणखी महिनाभर राहणार. माझी शाल गेली, नवी तू घ्यायचीस, आणि रंग मला आवडला नाही तर माझ्याशी दुकानात भांडायचंस. रोज एकदा तरी मला 'नाही' म्हणायचं. आजपासून सुरू. परवाची तुझी भाजी खारट होती. चल, म्हण आता, नव्हती म्हणून."